राख कुठे जायची

बुटांवर निळ्या कापडी खोळी चढवून
आम्ही अकरा जण आत गेलो.
फेलुवेच्या जंगलातला नोव्हेंबर
दाराबाहेर, छत्र्यांच्या खोक्यात ठिबकत राहिला.

इथं ऊनसुद्धा मोजून आत सोडतात.
रेशमाला उजेड बाधतो, सीट्स्के सांगते.
नऊ वर्षं हेच सांगते आहे,
तरी खिडकीची झडप ओढताना
झोपलेल्या पोरावर पांघरूण घालावं
तसा तिचा हात हळू होतो.

हा पलंग. आखूड दिसतो ना?
माणसं ठेंगणी नव्हती.
सपाट आडवी होतात ती प्रेतं, असं मानायचे म्हणे,
म्हणून उशांना टेकून, अर्धवट बसून झोपायचे राजे.
हे ट्युलिपचे मनोरे, डेल्फ्टच्या निळाईचे,
एकेका फुलाला एकेक चोच.
हा आरसा, पारा उडालेला,
आणि त्यात आम्ही अकरा,
कुणीतरी अर्धवट पुसून सोडून दिल्यासारखे.

सगळ्यांच्या माना छताकडे.
तिथं ढगांत बसलेली कुणी देवी
गुबगुबीत बाळांवर फुलं उधळत होती.

एकटे हार्मेन ओल्डेनकांप खाली बघत होते.
शेकोटीची जाळी,
जाळीमागचं काळं तोंड,
तोंडापुढच्या फरशीची किंचित झिजलेली कड.
ऐंशी वर्षांच्या त्या माणसानं
हात वर केला, शाळेतल्यासारखा.
'राख कुठे जायची?'

सीट्स्केला सगळं तोंडपाठ होतं.
संगमरवर कुठल्या खाणीचा,
रंगाऱ्याचं बिल किती वर्षं थकलं,
कुठल्या राजपुत्राला कुठल्या खोलीत गोवर आला.
राखेचं तिला कुणी विचारलं नव्हतं.
'थांबा,' म्हणाली. दोरी ओलांडली
आणि भिंतीवरच्या सोनेरी वेलबुट्टीत
एका डाळिंबफुलावर तळहात टेकवला.

भिंतीला कान असतात हे ऐकून होतो,
इथं भिंतीला दार निघालं.

आत चुना, गार कोंदट वास,
रंग न लावलेला लाकडी जिना,
एक बाई आणि एक बादली, एवढाच रुंद.

'माझी आई, आलेडा. पहाटे चारला
बत्तीस शेकोट्या. आम्हाला
कधी काही सांगितलं नाही तिनं.
शेवटी झुटफेनच्या वृद्धाश्रमात
माझं नाव गेलं, मग तिचं स्वतःचं गेलं,
आकडे तेवढे राहिले.
सतरा, आणि मग वळण. सतरा, आणि मग वळण.
रात्रभर. नर्सला वाटायचं गोळ्या मोजते आहे.'

ते उतरायला लागले, मोठ्यानं मोजत.
दुसऱ्याच पायरीनं असं केकाटून घेतलं
की राजाच्या पलंगापाशी उभी असलेली
कुणाचीतरी लहान मुलगी दचकून हसली.
पाच. नऊ. आवाज खोल जात राहिला.
मग तळातून,
जरा ओशाळून:
'अठरा.'

कुणी काही बोललं नाही.
सीट्स्केनं घड्याळ बघितलं आणि बाही खाली ओढली.

वर येताना ते मोजत नव्हते.
कठडा धरून, गुडघ्यावर हात देत आले,
आणि अगदी वर, त्या पायरीशी थांबले.
बराच वेळ.
मग खुब्यात पोलाद बसवलेला तो पाय
त्यांनी उचलला, उंच, अजून उंच,
आणि ती पायरी न शिवता
थेट वरच्या पायरीवर ठेवला.

आवाज झाला नाही.

उशांना टेकून अर्धवट बसलेलं कुणी
जागं झालं नसतं.
'सतरा,' हार्मेन म्हणाले,
आमच्यापैकी कुणाला नाही.

सीट्स्केनं भिंत लावली.
डाळिंबाचं फूल पुन्हा इतकं भिंतीचं झालं
की मला ते नंतर सापडेना.
पुढचा गट अडीचला होता.
आम्ही ओळीनं खोळी काढून टोपलीत टाकल्या,
आपापल्या छत्र्या शोधल्या.

राखेचं तेवढं
विचारायचं राहूनच गेलं.